जहाजावरचा पांढरा ॲप्रन

टॅम्पा, फ्लोरिडा
९ जानेवारी

चि. एलम यास,
अ. आ. तुझं पत्र काल आलं. आई आपल्या ऐंशीव्या वाढदिवसाला सहलीच्या जहाजावर यायला तयार झाली हे वाचलं आणि भांडी तशीच नळाखाली टाकून मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. क्रेगला वाटलं घरून काही वाईट बातमी आली. त्याला रजा नाही, त्यामुळे आम्ही पाचच जण: आई, मी, माझा ट्रेव्हर, आणि तुझी सुविला नि मेनो.

मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून टाकते. आईच्या ऐंशीव्या वाढदिवशी मला तिच्याबरोबर एका टेबलावर जेवायचंय. बाबांच्या मयताला आले होते तेव्हा माझं ताट खिडकीशी, वेगळं मांडलं होतं. मोठेपणी बाप्तिस्मा घेऊन चर्चची मंडळी सोडली की त्या माणसाच्या पंगतीला कुणी बसत नाही, त्याच्या हातचं घेत नाही, हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनच मी क्रेगशी लग्न केलं. म्हणून तक्रार करत नाही. पण समुद्रावर कुठे आलेत आपले बिशप?

आता मुलांच्या कपड्यांचं. जहाजावर दिवसभर काहीही घाला, पण रात्रीच्या मोठ्या जेवणघरात नियम आहेत. पोहायचे कपडे, फाटकी जीन्स, टोपी चालत नाही. मुलग्यांना लांब पँट आणि कॉलरचा शर्ट. दोन रात्री खास थाटाच्या असतात. तेव्हा मोठ्या मुलांनी कोट-टाय घालावा, मुलींनी चांगला फ्रॉक. अगदी लहानांना कुणी अडवत नाही, पण सगळे नटून आलेले असतात आणि आपलंच पोर वेगळं दिसलं की त्यालाच रडू येतं. सुविलासाठी मी एक हिरवा फ्रॉक आणलाय. बाह्या कोपरापर्यंत, खाली गुडघा पूर्ण झाकतो. तू वाचता वाचता भुवया चढवल्या असशील, त्या आता खाली आण.

तुला हसायला एक कारण देते. ट्रेव्हर सोळा वर्षांचा झाला आणि हाफ पँट नि टोपीचा स्वेटर सोडून काही घालत नाही. कॉलर लावायची असेल तर वरच्या मजल्यावर कागदी बशीत पिझ्झा खाईन म्हणतो. ॲप्रनची नाडी बांधायला नको म्हणून मी घर सोडलं असं गाव म्हणायचं. आता मीच पोराच्या मागे कॉलर घेऊन धावते आहे.

रिबेकाला आठवण सांग. मोठी बहीण म्हणून जी काही जागा तुझ्या मनात उरली असेल, ती राखून ठेव.
तुझी,
लव्हिना


गॉर्डनव्हिल, पेनसिल्व्हेनिया
२० जानेवारी

प्रिय लव्हिनाताईस,
स. न. वि. वि. प्रभूच्या कृपेने आम्ही सगळे बरे आहोत. थंडी फार आहे. गोठ्यातल्या पाण्यावर सकाळी बर्फ धरतो. तुझं पत्र रिबेकाला वाचून दाखवलं. कॉलरपाशी आल्यावर ती इतकी हसली की भट्टीतला पाव करपला.

बिशपांना मी विचारलं. दाढी कुरवाळत ते म्हणाले की आपल्या नियमांत समुद्राचा उल्लेख नाही, पण जेवणाचा आहे. तेव्हा आईचं टेबल वेगळं मांडायला सांग. तिघांचं भाडं आम्ही इथूनच भरलं आहे. तुझ्याकडून आम्हाला घेता येत नाही, त्याचं मनात आणू नकोस.

आईची स्वतःची एक अट आहे. मुलं आपल्या कपड्यांत राहिली तर ती येईल. हिरव्या रंगाला तिची हरकत नाही, सुविलाचे दोन झगे हिरवेच आहेत. हरकत फ्रॉकच्या धाटणीला आहे. ती म्हणाली, एक मुलगी फ्लोरिडाला देऊन झाली, आता नात देणार नाही. हे मी तसंच लिहिलं, कारण मऊ करून लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस.

थाटाच्या रात्रीचं मी नीट वाचलं. आमच्याकडे थाट एकच, रविवारचा. म्हणून त्या दोन रात्रींसाठी रिबेकाने सुविलाचा काळा झगा, पांढरा ॲप्रन, खांद्यावरचं पांढरं वस्त्र आणि डोक्यावरची पांढरी टोपी इस्त्री करून ठेवली आहे. मेनोला पांढरा शर्ट आणि काळा वेस्टकोट. टाय मात्र तो घालणार नाही. ती गळ्याला माणूस कशासाठी बांधतो, असं तो विचारतो.

एका टेबलाची तुझी इच्छा मी आईला सांगितली. ती विणत राहिली. रिबेकाच्या माहेरी तिचा भाऊ मंडळीतून गेला आहे. तो आला की ते दोन टेबलं जवळ आणतात, मध्ये थोडी फट ठेवतात आणि वरून एकच टेबलक्लॉथ घालतात. पण आईला ती पळवाट वाटते. देवाला कापडाखालचं दिसत नाही का, असं तिने एकदा रिबेकाच्या आईला तोंडावर विचारलं होतं. तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस.

ट्रेव्हरला सांग, मामा म्हणतो की कॉलर लावून कुणी मेलेलं मी ऐकलेलं नाही. जमेल तशी प्रार्थना करत जा, आणि तीत आमचं नाव असू दे.
तुझा भाऊ,
एलम


जहाजावरून
११ फेब्रुवारी

ती. आईबाबांस,
सा. न. वि. वि. आम्ही खुशाल आहोत. मेनोला एक दिवस उलट्या झाल्या, आता त्याला समुद्राचं काही वाटत नाही. आजी डेकवर खुर्ची टाकून विणते आणि जाणारेयेणारे तिचा फोटो काढू बघतात. ती सुई वर करून नको म्हणते.

बाबा, मला एक सांगायचंय आणि कसं सांगू कळत नाही. काल थाटाची पहिली रात्र होती. मी काळा झगा, पांढरा ॲप्रन, टोपी, सगळं आईने सांगितलं तसं घातलं. मेनोने वेस्टकोट घातला. आजीचं छोटं टेबल खांबापाशी होतं, तिच्याबरोबर मेनो बसला. मी आत्याच्या मोठ्या टेबलाकडे निघाले, तर वाटेत एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या ॲप्रनला हात लावून आणखी ब्रेड आणि लोणी मागितलं. मला आधी समजलं नाही. मग पाहिलं तर तिथले सगळे वाढपी काळ्या वेस्टकोटात आणि पांढऱ्या ॲप्रनमध्ये होते. आमच्याच रविवारासारखे!

बाई थकलेल्या दिसत होत्या. मी आत जाऊन ब्रेड नि लोणी आणलं. आतले वाढपी पाहतच राहिले. रोडेल नावाचे मुख्य वाढपी आहेत, त्यांनी टोपली माझ्या हातून घ्यायला पाहिली, पण मी म्हटलं, मागितलंय माझ्याकडे, तर मीच देते. मला यात वाईट वाटलं नाही. खरंच नाही.

पण आत्याने पाहिलं होतं. ती उठून त्या बाईंना मोठ्याने बोलली. ही माझी भाची आहे, नोकर नाही, म्हणाली. सगळं जेवणघर आमच्याकडे बघायला लागलं. म्हाताऱ्या बाईंचे डोळे भरून आले. आजीने ताटातलं काही खाल्लं नाही. आत्याचा ट्रेव्हर तर जेवायला आलाच नव्हता.

नंतर आत्या आमच्या खोलीत आली आणि हिरवा फ्रॉक घेऊन आली. म्हणाली, वाढदिवसाच्या रात्री हा घाल, मी तुझं हसं होऊ देणार नाही. आजी म्हणाली, हिने तो घातला तर मी खोलीतच बिस्किटं खाईन. आत्या म्हणाली, तुला नातीच्या अपमानापेक्षा ॲप्रन मोठा वाटतो. आजी म्हणाली, वाढायला अपमान कधीपासून म्हणायला लागलीस, घरी तर तूच सगळ्यांच्या आधी वाढायला उठायचीस. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

फ्रॉक छान आहे, बाबा. खोटं लिहीत नाही. हात लावला की पाण्यासारखा वाटतो. मी तो घातला तर आत्याची लाज जाईल पण आजी येणार नाही. नाही घातला तर आजी येईल, पण वेगळ्या टेबलावर, आणि आत्या रात्रभर तोंड पाडून बसेल. तुम्हाला विचारावंसं वाटतं. पण हे पत्र बंदरावर टाकेन नि तुम्हाला मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

मेनोला त्याच्या वासराची आठवण येते. तुमचा हात डोक्यावर आहे असं समजून झोपते.
तुमची,
सुविला


गॉर्डनव्हिल
२२ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
स. न. वि. वि. सुविलाचं जहाजावरचं पत्र परवा मिळालं. तुम्ही सगळे तर केव्हाच किनाऱ्याला लागला असाल. आई आणि मुलं तिकडे फ्लोरिडातच, सारासोटाला आपल्या लोकांकडे उतरली आहेत, आमच्या शेजाऱ्यांबरोबर पुढच्या आठवड्यात बसने घरी निघतील, एवढाच निरोप आहे. वाढदिवसाच्या रात्री काय झालं ते कुणी कळवलेलं नाही.

मी तुला दोष देत नाही. माझ्या मुलीला कुणी नोकर समजलं असतं तर मलाही लागलं असतं, आणि लागायला नको होतं हेही कळलं असतं. पण गेले दोन दिवस दूध काढताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. एका बाजूला आई बंद खोलीत बिस्किट खाते आहे, दुसऱ्या बाजूला तू. आणि मधे आमची पोर हातात फ्रॉक घेऊन उभी. पंधरा वर्षांच्या मुलीवर आपण दोन पिढ्यांचं ओझं टाकलं. मी अट पुढे पाठवली, तू फ्रॉक. दोघांनीही प्रेमानेच पाठवलं, हेच मला टोचतं.

रात्री प्रार्थनेला बसतो तेव्हा काय मागावं कळत नाही. रिबेका म्हणते, काही मागू नकोस, नुसता बस. तसा बसतो. काय झालं ते लिही. वाईट असेल तरी लिही. तुझ्या अक्षराची वाट पाहणारा,
एलम


टॅम्पा
१ मार्च

चि. एलम यास,
अ. आ. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस लिहू शकले नाही. आता सगळं लिहिते.

वाढदिवसाच्या दुपारी मी हिरवा फ्रॉक सुविलाच्या पलंगावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघाले. न बोलणं हाही एक दाबच असतो, तो मी आईकडून शिकले. संध्याकाळी एकटीच जेवणघरात जाऊन बसले. टेबलावर पाच जणांची जागा होती. खांबापाशी आईचं छोटं टेबल. मी मनाशी म्हटलं, आता कोण येतं ते बघू.

आधी ट्रेव्हर आला. पांढरा शर्ट, कॉलर, काळी पँट! मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, की मला हलवू नकोस, टोचेल. पँट कमरेला ढगळ होत होती म्हणून तो खोलीत बसला होता, तर आईने त्याला बोलावून घेतलं आणि स्वतःच्या खांद्यावरच्या वस्त्रातल्या टाचण्या काढून त्याच्या कमरेला लावल्या. लावताना म्हणाली म्हणे, की एवढा उंच झालास आणि तुझ्या आईला तुला खाऊ घालायची अक्कल आली नाही. माझा पोरगा रात्रभर काठी गिळल्यासारखा ताठ बसला होता.

मग सुविला आली. काळा झगा, पांढरा ॲप्रन, टोपी. माझं मन खट्टू झालं. पण ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर ते रोडेल आणि आणखी दोन वाढपी होते. त्या ब्रेडच्या रात्रीपासून ते तिला बहिणीसारखं वागवत होते. त्यांनी खांबाजवळचं छोटं टेबल उचललं आणि आमच्या टेबलाजवळ आणून ठेवलं. सुविलाने मधे स्वतःची चार बोटं घालून फट बघितली. मग वरून एकच लांब पांढरं टेबलक्लॉथ पसरलं आणि दोन्ही टोकं तिने हाताने सारखी केली. तू मला त्या वाटेला जाऊ नको म्हणाला होतास, म्हणून मी हे मनातही आणलं नव्हतं. तिने माझं किंवा आईचं ऐकलंच नाही. आजोळी पाहिलं होतं, तेच केलं.

खरं सांगू का, आधी मला रागच आला. मी टेबल मागितलं होतं आणि पोरगी मला कापड देत होती.

आई दाराशी उभी राहून बघत होती. मेनो तिचा हात धरून. ती आली, बसली नाही. टेबलक्लॉथवरून तळवा फिरवत फिरवत फटीपाशी आली, तिथे बोट दाबून पाहिलं. कापड आत गेलं. मला वाटलं, आता म्हणेल, देवाला कापडाखालचं दिसतं. तिने सुविलाकडे पाहिलं, सुविलाने तिच्याकडे. आणि आई म्हणाली, कापड चांगलं आहे, डाग पाडू नका. आणि बसली.

ती माझ्या हातून काही घेत नाही, हे मी विसरले होते. मी सवयीने लोण्याची वाटी पुढे केली आणि तिचा हात मांडीवरच राहिला. तेवढ्यात ट्रेव्हरने माझ्या हातातून वाटी घेतली, मेनोला दिली, मेनोने आजीला. मुलांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांना कोण अडवणार? मग रात्रभर तसंच चाललं. सूप, मासा, केक, सगळं माझ्याकडून मुलांच्या हातांवरून आईपर्यंत गेलं आणि तिच्याकडूनही आलं. एकदा मीठ मी मागितलंही नव्हतं. तिनेच पाठवलं. मला सगळंच आळणी लागतं हे तिला आठवत होतं.

त्या म्हाताऱ्या बाईही आल्या. त्यांनी सुविलाची माफी मागितली, मी त्यांची. सुविलाने त्यांना विचारलं, त्या दिवशी लोणी पुरलं का.

एलम, मला हवं होतं ते मिळालं का, मला सांगता येत नाही. झोपेत अजून ती फट दिसते. पण आई माझ्यासमोर बसून जेवली. तिने केकचा दुसरा तुकडा घेतला.

हिरवा फ्रॉक सुविलाने मला परत केला नाही आणि मीही मागितला नाही. रागावू नकोस. आधीच सांगितलेलं बरं.
तुझी ताई, जशी आहे तशी,
लव्हिना


गॉर्डनव्हिल
१८ मार्च

प्रिय ताईस,
स. न. वि. वि. सगळे सुखरूप पोचले. मेनोने वासराला जहाजाची सगळी हकीकत सांगितली. सुविलाने आल्या दिवशीच फ्रॉक स्वतःहून आमच्यापुढे ठेवला. रिबेकाने शिवण उलटून पाहिली, टाके बारीक आहेत म्हणाली, आणि घडी करून पेटीत ठेवला. सुविला मोठी होते आहे. मला भीती वाटते, आणि भीतीसकट मी तिला देवाच्या हाती देतो.

आई जहाजाविषयी फारसं बोलत नाही. कुणी विचारलं तर एवढंच म्हणते, की कापड चांगलं होतं. बिशपांनी विचारलं तेव्हाही तिने तेच सांगितलं. त्यावर त्यांनी यंदाच्या मक्याचा विषय काढला.

काल मी गोठ्यातून आलो तर ती स्वयंपाकघरात वाकून आमचं मोठं टेबलक्लॉथ वितीने मोजत होती. एकदा मोजलं, मग शिवणाचं टेबल ओढून आणलं, शेजारी लावलं आणि पुन्हा मोजलं. मला म्हणाली, तिकडून अपुरं पडतंय, रिबेकाला सांग एक पट्टी जोडायला. मग म्हणाली, की ईस्टरला गर्दी होईल, आणि ट्रेव्हर एवढा उंच आहे की त्याचे पाय टेबलाखाली मावतील का कुणास ठाऊक.

त्याने काय घालून यावं ते त्याचं त्याला ठरवू दे. टाचण्या आईकडे आहेत.

रिबेका पट्टी जोडते आहे. तुझ्या येण्याकडे डोळे लावून,
तुझा भाऊ,
एलम