पिवळीच असू दे

४ मार्च

निघालो एकदाचे! म्हणजे हे निघाले, मला सामानाबरोबर भरलं. घर तीन महिन्यांसाठी भाड्याने दिलंय. त्या भाड्यावर आम्ही म्हणे देश पाहणार. भाडेकरू नवरा-बायको आहेत. ती नर्स, चेहऱ्यावरून शहाणी वाटली. तिला किल्ली देताना माझा हात सुटेना. हे खालून हॉर्न वाजवत होते.

गाडी म्हणजे आमच्या लॉन्ड्रीची जुनी, कपडे पोचवायची व्हॅन. हे आता तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. जिथे सूट लटकायचे तिथे फळ्यांचा पलंग, पलंगाखाली खण, कोपऱ्यात एक शेगडी. साबणाचा आणि इस्त्रीच्या वाफेचा वास अजून जात नाही. रंग तोच — अंड्याच्या बलकासारखा पिवळा, आणि बाजूवर ‘लॉन्ड्री’ ही अक्षरंही तशीच!

गाडी सुरू करण्याआधी हे विचारणार, "सगळं बंद?" मी खणांच्या कड्या बघून म्हणायचं, "सगळं बंद." नाहीतर पहिल्याच वळणावर चमचे डोक्यात.

६ मार्च

टोलचा रस्ता नाही म्हणजे नाही. "फुकटचा रस्ता असताना पैसे कशाला घालायचे?" त्यात डिझेल वाचवायचं म्हणून गोगलगायीची चाल. आज एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं, वर हात हलवून गेला. मागचे ट्रकवाले हॉर्न मारमारून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. हे ढिम्म!

चहा सकाळी एकदाच करायचा, थर्मासमध्ये भरून दिवसभर पुरवायचा. संध्याकाळपर्यंत त्याचा काढा होतो. तोही हे मिटक्या मारत पितात.

९ मार्च

अंघोळ पोहण्याच्या तलावावर. तिकीट पोहण्याचं काढायचं आणि नुसतं नळाखाली उभं राहून यायचं. तिथली राखणदारीण माझ्याकडे संशयाने बघते — ही बाई रोज पोहायला येते आणि पाण्यात काही दिसत नाही!

घरी फोन केला. "न्हाणीघरातला नळ गळतो का गं?" नाही म्हणाली. "खिडकीची कडी नीट लागते ना?" लागते म्हणाली. मग मुद्द्यावर आले. "कुणी आलं होतं का?"

"हो, काकू. गॅसवाला आला होता."

गॅसवाला!

१० मार्च

लिहूनच टाकते. वाचणार कोण आहे?

आमची मुलगी. बटण म्हणतो आम्ही तिला. लहानपणी धुलाईच्या मशीनच्या तळाशी सापडलेली बटणं गोळा करत बसायची, म्हणून. तिला लॉन्ड्रीच चालवायची होती, मनापासून. डाग बघून सांगायची, ही शाई, हा गंज. ह्यांना वाटायचं, आपण जन्मभर वाफेत शिजलो, पोरीने तरी पंख्याखाली बसून नोकरी करावी. तिला न विचारता दुकान विकून मोकळे झाले. मशीनं, गिऱ्हाइकं, सगळं. गाडी तेवढी जुनी म्हणून दुकान घेणाऱ्याने घेतली नाही.

बटण संध्याकाळी घरी आली, ऐकून घेतलं. "निदान विचारायचं तरी, बाबा," एवढंच म्हणाली. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. नोकरी मिळाली म्हणून दुसऱ्या गावी गेली, तिथून आणखी कुठे, मग तिचा फोन लागेनासा झाला. पुढे माझा फोन जिन्यात पडून फुटला, त्याबरोबर जुना नंबरही गेला. हे तर फोनच बाळगत नाहीत. चार वर्षं झाली.

तिला आमचं म्हणून एकच ठिकाण माहीत आहे, ते दार. आणि तेच सोडून आम्ही गावं हिंडतोय! ह्यांना हे कळत कसं नाही? का तिची रिकामी खोली बघवत नाही, म्हणून पळताहेत? विचारलं तर म्हणतात, "हवा किती छान आहे बघ."

मला हवा नकोय. मला माझी मुलगी हवीय.

१४ मार्च

आज हद्द झाली. दाढी करून टवटवीत झालेला एक गृहस्थ खिडकीवर टकटक करतो काय, तीन कोट माझ्या हातात देतो काय! "मंगळवारपर्यंत हवेत. बाहीवर डाग आहे, जरा बघा." मी म्हटलं, अहो, हे आमचं घर आहे. त्याने आत डोकावून पलंग पाहिला, उकळता बटाटा पाहिला आणि माझ्याकडे अशा काही दयेने बघितलं!

हे तोवर डाग निरखत होते. "कॉफीचा आहे. थंड पाणी लावा, गरम नको." फुकट सल्ला देऊन पाठवलं.

मी म्हटलं, गाडी पांढरी करून टाका. ऊन कमी लागेल, लोकही फसणार नाहीत.

"रंगाला पैसे कुठायत?"

१८ मार्च

गावाबाहेर नदीकाठी झाडाखाली सुरेख जागा होती. फुकट! एक कुटुंब तिथे खुर्च्या टाकून बसलं होतं. मी उतरायला चप्पल घातली आणि ह्यांनी गाडी वळवून थेट बसस्थानकासमोर आणून लावली. परवा कॉलेजच्या फाटकासमोर, त्याआधी भर बाजारात. दिवसभर धूर, गोंगाट, येणाराजाणारा खिडकीतून आमचं जेवण बघतो. नदी काय पैसे मागत होती?

भांडले. संध्याकाळी बोलले नाही. काढाही प्यायले नाही.

२१ मार्च

बटाटे काढायला पलंगाखालचा खण उघडला, हाताला डबा लागला. रंगाचा! पिवळा! शेजारी बारीक ब्रश, कागदात गुंडाळलेला. दोघांत एकच अंडं करायला लावणारा हा माणूस गुपचूप रंग विकत घेतो!

"रंगाला पैसे नव्हते ना? मग हे काय?"

"कुठे खरचटलं की तेवढ्यापुरता लावतो."

"मग पांढराच आणायला काय झालं होतं?"

डबा माझ्या हातून घेऊन खणात ठेवला. मग म्हणाले, "पांढऱ्या गाड्या रस्त्यात ढिगाने असतात गं. पिवळीच असू दे. ही तिला लांबून ओळखू येईल."

"कुणाला?"

"कुणाला काय विचारतेस." आणि टायर बघायला उतरले. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

बटाटे मांडीत घेऊन मी रडले. बसस्थानक, कॉलेज, बाजार... जिथे म्हणून माणसं जातात-येतात तिथे हे गाडी उभी करत होते, आणि मी नदीसाठी भांडत होते. तोंडाने सांगतील तर शपथ!

२२ मार्च

भांड्यांच्या साबणाने गाडी धुतली. चकचकीत. आज मीच म्हटलं, बाजारासमोर लावा.

२६ मार्च

आता दोघंही खिडकीशी. ह्यांची डावी बाजू, माझी उजवी. गंमत बघा, तिच्याबद्दल बोलायचं म्हटलं तर पूर्वी घरात हे खोलीतून उठून जायचे. गाडीत उठून जाणार कुठे!

आज विचारलं, "समोर आली तर काय म्हणाल तिला?"

"विचारीन."

"काय?"

"काहीही. पण आधी विचारीन."

मग थर्मासमधला शेवटचा चहा माझ्या कपात ओतला. स्वतः नाही घेतला.

३१ मार्च

समोरून एक मुलगी आली, खांद्यावर पिशवी टाकायची लकब थेट बटणची. मी अर्धी गाडीच्या बाहेर. जवळ आली तर कुणी भलतीच. मला हसून गेली बिचारी. अशा किती मुली आहेत जगात, आणि त्यातली एकही माझी नाही!

घरी फोन केला. मी तोंड उघडायच्या आत नर्सच म्हणाली, "कुणी नाही आलं, काकू." हळू आवाजात. तिला कधीच कळलं असणार.

हे ब्रश घेऊन मागच्या दाराशी बसले होते. तिथे ओरखडासुद्धा नव्हता. तरी लावत होते.

३ एप्रिल

मोठ्या स्टेशनसमोर चांगली जागा मिळाली होती. दुपारी पोलीस आला. "इथे लावायची नाही." ह्यांनी हात जोडून पाहिले. "सगळं बंद?" "सगळं बंद." निघालो.

५ एप्रिल

चालत्या गाडीत लिहितेय, अक्षर हलतंय. सकाळी नर्सचा फोन. "काकू, कुणीतरी आलंय." परवा बटण स्टेशनजवळ बसमध्ये होती! पिवळी गाडी दिसली, पुढच्या थांब्यावर उतरून पळत मागे आली, तोवर पोलिसाने आम्हाला हाकललं होतं. मग थेट घर गाठलं. स्वयंपाकघरात माझ्या स्टुलावर बसलीय.

तिचा आवाज ऐकला. फोन ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. मग म्हणाले, "आम्ही आलो तर चालेल का?"

स्वतःच्या घरी!

निघताना "सगळं बंद?" विचारायचं राहिलंच. मागे चमचे नाचताहेत. ह्यांनी टोलचा रस्ता धरलाय. नाक्यावरचा माणूस आमचे परत द्यायचे सुटे पैसे हातात घेऊन उभाच राहिला.