बाबांच्या शर्टाचा तुकडा

प्रिय आई,

आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? जिना चढू नकोस.

मिशिगनच्या थंडीपेक्षा तुझ्या लेकाचं, डेलचं सूप जास्त छळतंय. हरणं दिसतात, मिळत नाहीत.

बातमी अशी, की काल बाबांचा नेम चुकला. आता शिकारीतला आपला नियम तुला माहीतच आहे. ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून खोपटाच्या भिंतीला ठोकायचा. तीस वर्षं ती कात्री बाबांच्याच हातात. माझ्याच शर्टांचे सात तुकडे लटकतायत.

डेल म्हणाला, "बाबा, वळा."

"वारा होता," बाबा म्हणाले.

वॉल्टरकाका म्हणाले, "वारा हरणालाही लागत होता की. ते तर जागचं हललंसुद्धा नाही."

तू नाताळात दिलेला लाल चौकड्यांचाच शर्ट होता. रागावू नकोस, कात्री मी चालवली.

हरीण चाळीस पावलांवर उभं होतं, आई. बाबांसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, माझं नाव सांगू नकोस.

रविवारी पोचतो. गाडी मी चालवणार आहे. किल्ली मी मागितली नव्हती, बाबांनीच काढून दिली.

तुझीच,
लोइस