उजव्या हाताचा पेला

९ फेब्रुवारी

पाणी प्यायल्या नाहीत त्या! पेला हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवून दिला. एक घोटसुद्धा नाही.

आज एकोवच्या घरचे सेकोंडीहून आले होते, माझ्या अराबाला मागणी घालायला. आल्या पाहुण्याला आधी पाणी, मग "कसं येणं केलंत". पाणी मीच दिलं. डाव्या हातानं दिलं, कारण उजवा ऑक्टोबरातल्या अर्धांगाच्या झटक्यापासून दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर पडून असतो. "माफ करा, डावा हात आहे," म्हटलं. आपल्याकडे म्हणतात तसं. बाकीचे "असू दे, असू दे" म्हणाले. एकोवची आई, अमिसाबाई, काही बोलल्या नाहीत. मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या म्हणे. सोनेरी काडीचा चष्मा, ताठ मान. त्या चष्म्यातून माझ्या हाताकडे पाहिलं आणि पेला खाली.

पाहुणे गेल्यावर माझी नणंद एफुआ म्हणाली, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. साखरपुड्याला विहीणबाईंना पहिला पेला मीच देते. तुम्ही मागे बसा."

मागे बसा! एकुलत्या एका मुलीच्या साखरपुड्यात! अराबाचा बाप असता तर हिची बोलायची टाप नव्हती.

हेही डाव्यानंच लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

१२ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी रबरी चेंडू दिलाय. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मी तो खाटेखाली भिरकावला.

अराबा औषधांच्या दुकानातून दमून येते आणि टीव्हीपुढे बसून तो फुटबॉलचा खेळ खेळते. लहानपणापासूनचं वेड. आज तिनं खाटेखालचा चेंडू पाहिला. म्हणाली, "आई, चेंडू दाबायचा कंटाळा येतो ना? मग लाथ मार." आणि कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

"या डबड्यानं तुझा अभ्यास खाल्ला," मी म्हटलं.

"पास झाले की मी. आता तुझी परीक्षा. उजवा अंगठा या बटणावर."

मी स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला. अराबा हसून हसून जमिनीवर लोळली. ऑक्टोबरानंतर या घरात इतकं कोणी हसलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

हरले.

२० फेब्रुवारी

हरले. माझा गोलकीपर मूर्ख आहे. पिवळ्या शर्टातला तो बारका तेवढा बरा खेळतो.

२ मार्च

गोल! बारक्यानं मारला, म्हणजे मी मारला. बटण माझ्या उजव्या अंगठ्यानं दाबलं. मी मनात म्हटलं आणि त्यानं ऐकलं! इतके महिने हाका मारतेय, आज ओ दिली. मी रडले. अराबाही रडली, मग म्हणाली, "रडतेस काय, ते बघ, त्यांनी चेंडू पळवला."

चुलीवरचं मक्याचं पीठ मात्र करपलं. तेच केळीच्या पानात बांधून उकडलं आणि केंके म्हणून नेहमीसारखं बाजारात विकायला नेलं. बांधायचं काम हल्ली अराबाच करते. रोजच्या एका गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं. "मावशी, आज केंके धुरकट लागतोय." मी म्हटलं, "मुद्दाम केलाय." त्यानं अजून दोन घेतले.

१० मार्च

एफुआनं पकडलं. दार उघडंच होतं, आणि मी गोलकीपरला त्याच्या आईवरून काहीतरी बोलत होते.

"वहिनी! या वयात? लोक काय म्हणतील? खेळून कधी कुणाचा हात बरा झालाय?"

मला राग आला तो ती खरं बोलली म्हणून. पडद्यावर अंगठा पळतो, पण कप उचलायला गेलं की सगळी बोटं संपावर. तिला दाखवायला म्हणून निळा कप उजव्यानं उचलला. फुटला. तिनंच तुकडे गोळा केले, वर एक उसासा.

खेळ खेळून माणूस खेळच शिकतो, दुसरं काय. आणि शिव्या.

११ मार्च

व्यायामाच्या बाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसतील. नाही हसल्या. म्हणाल्या, "अंगठ्याला बटण कळलंय, कप अजून कळला नाही. खेळा, पण सामना संपला की हात गरम आहे तोवर घरातलं एक काम त्याच हातानं करायचं. पूर्वी रोज करायचात तेच."

रोज करायचे ते म्हणजे केंके बांधणं. आता नियम केला. एक सामना, एक केंके. पहिला जो बांधला तो मारामारीतून आल्यासारखा दिसत होता. अराबा म्हणाली, "हा मी खाते, विकू नकोस. गिऱ्हाईक पळेल."

२४ मार्च

सामना ऐन रंगात, मी एका गोलनं पुढे, आणि लाईट गेली. अराबा म्हणते धरायचा नाही. मी म्हणते धरायचा. भांडत भांडत दोघींनी अंगणात बसून केंके बांधले. मध्येच मनात आलं, साखरपुडा झाला की लगेच चर्चमधलं लग्न, आणि ही सेकोंडीला. तिला विचारलं, "तू गेल्यावर मी कुणाशी भांडू?"

"खेळाचा डबा इथंच ठेवते. एकोवच्या घरी आहे एक. तिथून खेळेन तुझ्याशी."

हातातलं पान नीट दुमडलं गेलं होतं. उजव्यानं. बोलण्याच्या नादात आधी कळलंच नाही.

३ एप्रिल

अंगठ्याच्या टोकाला घट्टा पडलाय. बटण फार जोरात दाबते मी. अराबा म्हणते हळू दाब. हळू दाबलेलं माझ्या अंगठ्याला अजून समजत नाही.

८ एप्रिल

आज बाजारात टेबलाच्या कडेवरून एक केंके घरंगळला आणि हातानं तो झेलला. उजव्या हातानं! मी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता. पलीकडच्या मासेवालीशी बोलत होते, हात आपला गेला आणि झेलून आला. तोच केंके तसाच गिऱ्हाइकाच्या हातात दिला. माफी नाही, काही नाही. त्या बाईला काही कळलंही नाही, ती मासळीच्या भावावरून कुरकुरत निघून गेली. मला तिला मिठी मारावीशी वाटत होती.

आजपासून उजव्यानं लिहितेय. कोंबडीच आहे अजून, पण जरा वळण लागलेली.

एफुआला निरोप धाडला, पेला मीच देणार. तिचं उत्तर आलं, "बघू."

२५ एप्रिल

उद्या. पेल्यात पाणी भरून घरभर फिरले. दोनदा सांडलं. अराबा म्हणाली, "अर्धाच भर ना." एवढी साधी गोष्ट!

२६ एप्रिल

दिला.

एफुआ पुढच्याच खुर्चीवर तयारीत बसली होती, अर्धी उठलेली. मी तिच्यासमोरून गेले. तबकातून आल्याच्या सरबताचा पेला उचलला, उजव्या हातानं. हात थरथरत होता. अंगठा बटणावर दाबते तसा काचेवर दाबला. अमिसाबाईंपर्यंतचा तो रस्ता! पण सांडलं नाही. थेंब नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. माझी बोटंही त्यांच्या हातात आली, आणि त्या खाली मान घालून माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग सगळं सरबत प्यायल्या.

एफुआ जेवताना म्हणाली, "हं. दिलात की." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. अराबा किती गोड दिसत होती! मी पुढे बसून पाहिलं सगळं. आता सुटल्यासारखं वाटतंय, पोटभर जेवले.

एकच सलतंय. दोन्ही हातांनी का घेतला? थरथर दिसली असणार. कीव आली असेल. ती मला नको होती.

२८ एप्रिल

अमिसाबाईंचा फोन. घशातल्या घशात म्हणाल्या, "विहीणबाई, तो अंगठ्यावरचा घट्टा... खेळता का हो तुम्ही?"

मी अंगठा मुठीत लपवला, फोनवरून दिसणार असल्यासारखा.

"नाही, माझ्याही आहे. संधिवातानं बोटं मिटतच नाहीत, म्हणून एकोवनं बसवलं खेळायला. अराबालासुद्धा माहीत नाही हं. फेब्रुवारीत तर पेला हातात राहायचाच नाही, आता दोन्ही हातांनी जमतो. त्या दिवशी तुमचं पाणी तसंच ठेवलं. तहान लागली होती हो! पण नव्या सोयरिकीत अंगावर सांडलं असतं तर? रस्ताभर वाटत राहिलं, तुम्ही काय समजलात कोण जाणे."

रविवारी चर्च सुटल्यावर सामना ठरलाय. पिवळा शर्ट माझा, हे आधीच सांगून टाकलं.