लाइट गेलेली कळू न देणारा डबा

रवि. १ एप्रिल २००७

डब्याचा खरा खर्च. लोकांना सांगतो तो वेगळा, हा माझ्यापुरता.

मेलेल्या कॉम्प्युटर यूपीएसमधला ट्रान्सफॉर्मर, उल्हासनगरहून, किलोच्या भावाने: १८०. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी: ११००. वायर, रिले, छोटा पंखा, किरकोळ: ३०० च्या आत. जळालेले ट्रान्झिस्टर मोजत नाही, मोजले तर जेवण जाणार नाही. एक बनियन, अ‍ॅसिडने चाळण. एक शनिवार दुकान बंद. पत्र्याची पेटी घरचीच, सुमनची पिठाची. त्यावरून तिचा अबोला. तो अजून चालू आहे, त्यामुळे आकडा टाकता येत नाही.

बाजारात असा इन्व्हर्टर सहा-सात हजारांच्या खाली नाही. म्हणजे जिंकलो. बनियन धरूनसुद्धा.

मंगळ. ३

विहारात जयंतीची मीटिंग. १४ ला शनिवार, आणि आपल्या बुवापाड्याचं शनिवारचं लोडशेडिंग संध्याकाळी साडेसात ते सव्वानऊ. म्हणजे बरोबर गाण्यांच्या वेळेला.

गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवतं, बोलत कोणी नाही. आमची प्रज्ञा दुसऱ्या कडव्यात, लाइट गेली. जनरेटर खोकत बसला. सुरू झाला तो असा व्होल्टेज घेऊन की अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूजच उडाला. पोरगी मेलेला माइक धरून उभी, खाली टवाळ पोरांच्या शिट्ट्या. उतरली ती उतरलीच. वर्ष झालं, चारचौघांत गायली नाही. आधी निदान न्हाणीघरात तरी गायची, तेही बंद.

परवा विचारलं, नाव देऊ का तुझं? म्हणाली, "माइक बंद पडणार नसेल तर द्या." सतरा वर्षांची आहे, पण अट आईसारखी घालते.

मीटिंगमध्ये सांगितलं, साउंड माझ्या डब्यावर. सेक्रेटरी गायकवाड हसले. "बाळूभाऊ, जनरेटर सांगितलाय ना डेकोरेटरला. तुम्ही कशाला पिठाच्या डब्यात हात घालताय?" (पिठाचं यांना कोणी सांगितलं? सुमन माझ्याशीच बोलत नाही फक्त.)

ठरलं असं: रोषणाई सगळी जनरेटरवर, तो अंधार पडला की लावून टाकायचा. माइक-अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे. बंद पडला तर पुढच्या वर्षी माझी वर्गणी डबल. म्हटलं, तिप्पट लिहा.

गुरु. ५

आज दुकान कमी, दवाखाना जास्त.

एक जण बॅटरी घेऊन. "दादा, तीन महिन्यांत बसली. आणि मी तर मिनरल वॉटर टाकत होतो, बाटलीतलं, सीलबंद!" म्हटलं, बाबा, तिला कावीळ झालेली नाही. तिला मिनरल काढून टाकलेलं पाणी लागतं. डिस्टिल्ड. पेट्रोल पंपावर मिळतं, तुझ्या बाटलीपेक्षा स्वस्त. बिचाऱ्याने स्वतः नळाचं पिऊन तिला पाजलं.

दुसरे रिटायर्ड मास्तर. अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या. अर्थिंग कुठे दिलंय? नळाच्या पाइपला. पाइप कुठला? गेल्या वर्षी नवा बसवला, प्लास्टिकचा. मास्तर स्वतःच थांबले. "म्हणजे मी अर्थिंग कशाला दिलंय?" म्हटलं, कोणालाच नाही.

हा प्रॉब्लेम निम्म्या अंबरनाथचा आहे. लोखंडी पाइप गेले, वायरी त्याच लोंबताहेत.

रवि. ८

उल्हासनगर, कॅम्प नं. ३. किशनभाईकडे स्क्रॅपच्या ढिगात बसलो तासभर. ट्रान्सफॉर्मर बोटाने वाजवून बघतो म्हणून बाकी गिऱ्हाइकं हसतात. किशनभाई नाही हसत. "साईं, ये आदमी कान से खरीदता है. आँख वाले को मैं फँसा सकता हूँ, इसको नहीं." खरं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या पत्र्या सैल असल्या की आवाज भुरभुरीत येतो. फॅक्टरीत वाइंडिंगला होतो तेव्हा टेस्टिंगवाले मीटर लावायच्या आधी मला बोलवायचे, बाळू कान लाव. अठरा वर्षं कान लावला. दुकान त्याच कानांवर उभं आहे.

किशनभाईचा इशारा मात्र लक्षात ठेवण्यासारखा: "यूपीएस का माल है, पंद्रह मिनट का बच्चा है. दो घंटे दौड़ाओगे तो बुखार आएगा." आलाच होता बुखार. म्हणून तर पंखा बसवला. आता आणखी एक, खालच्या बाजूने.

कोणी विचारलं तर सांगायचं: यूपीएसच्या ट्रान्सफॉर्मरवर मोठी बॅटरी लावाल तर पंखा हवाच, लोड अर्धाच ठेवा, आणि चार्जर वेगळा. आतला चार्जर म्हणजे चमच्याने टाकी भरणं.

बुध. ११

घरची लाइट गेल्यावर पूर्ण ट्रायल, विहाराचा अ‍ॅम्प्लिफायर आणून. चालला. पण दोन गोष्टी.

एक, रिले लाइनवरून बॅटरीवर बदलताना स्पीकरमध्ये ठक्. दोन, डब्यावर गेला की स्पीकर गुणगुणतो. कंपनीची वीज गोल येते, माझी कोपऱ्याकोपऱ्याने. पंख्याला चालतं, माइकला नाही. तारेचा चोक गुंडाळला, कपॅसिटर टाकला. परत लाइट गेल्याचं नाटक, मेन स्विच पाडून. कमी झालं. राहिलं ते माशीएवढं.

प्रज्ञा ओट्यावर बसून भाजी निवडत होती. न बघता म्हणाली, "पप्पा, अजून घूं येतंय."

माझ्याशिवाय हे फक्त तिला ऐकू आलं असतं. राग यायच्या ऐवजी छाती फुगली.

अर्ध्या तासाने ट्रान्सफॉर्मर हात ठेवता येणार नाही इतका गरम. दोन्ही पंखे चालू असून. शनिवारी मोकळी हवा असेल, बघू.

शुक्र. १३

गायकवाड डबा बघायला आले. सगळीकडून फिरून: "दिवा एकच? लाइनवर आहे की बॅटरीवर, कळणार कसं?"

म्हटलं, "कळायलाच नको, साहेब. लाइट गेलेली कळली तर तो इन्व्हर्टर कसला? दिवा पेटलेला आहे म्हणजे माइक चालू आहे. बास."

हे वाक्य मलाच आवडलं. दुकानात लिहून लावायला हवं.

संध्याकाळी स्टेजमागे खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, दोन बादल्या पाणी. खरं अर्थिंग. घूं येण्याचं निम्मं कारण विहाराचं जुनं अर्थिंग असणार. हे माझं मत आहे.

सुमन बोलली. "पीठ कशात ठेवू?" एवढंच. पण बोलली.

रवि. १५

काल.

काय लिहू. सकाळपासून हात मिळवून हात दुखले.

स्टेजमागे पडद्याच्या आड बसलो होतो, डबा पायाशी. समोर मैदानभर रोषणाई, जनरेटर धडधडतोय, ढोल चालू. बरोब्बर साडेसात, आणि रिलेची टिक. ढोलात ऐकली मी. बाकी एकाला पत्ता नाही. ठक् नाही, काही नाही. गायकवाड भाषण करत होते, ते तर स्वतःचंसुद्धा ऐकत नाहीत.

आठच्या सुमारास प्रज्ञा. पांढरी साडी, आईची. स्टेजवर चढण्याआधी पडद्याआड आली. "पप्पा, लाइट आहे?"

म्हटलं, "तू गा. लाइटचं मी बघतो."

"म्हणजे गेलीय?"

"साडेसातलाच. तुला कळलं?"

हसली. वर्षाने अशी हसली. आणि गेली.

दोन गाणी. दुसऱ्याला लोकांनी परत म्हणायला लावलं. मी डोळे मिटून स्पीकर ऐकत होतो. घूं शून्य. माशी नाही, डास नाही. कोळसा-मीठ आणि चोक, दोन्ही मिळून. कंपनीच्या विजेइतका स्वच्छ आवाज, मी पिठाच्या डब्यातून काढला.

मला वाटतं, हे आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम.

सुमनने रात्री जिलबी वाढली. डब्याला हळदीकुंकू लावू का, विचारलं. चिडवत होती. तरी पण.

सोम. १६

बॅटरीचं चार्जिंग काचेच्या नळीने, पाणी ओढून तपासलं. फुल. जवळजवळ दोन तास अ‍ॅम्प्लिफायर ओढून फुल! ट्रान्सफॉर्मरही रात्री उचलला तेव्हा कोमटच होता. मोकळ्या हवेचा फरक.

सुमन म्हणाली, "अहो, दोन तास खाल्लं तर थोडी तरी कमी व्हायला नको का?"

तिला लोडचं समजावून सांगितलं. चोकमुळे ओढ कमी होते वगैरे. ती "असेल" म्हणाली. ते "असेल" बरं वाटलं नाही, पण बायकांना बॅटरी दिसत नाही, डबा दिसतो.

गुरु. १९

ऑर्डरी: गायकवाड स्वतः (!), मास्तर, शिवणक्लासवाली बाई, पिठाची गिरणी. गिरणीला नाही म्हटलं, तिचा डबा नको आपल्याला.

बदलापूर गावातून दोघे आले. २ मे, बुद्धपौर्णिमा, तिथल्या समाजमंदिरात कार्यक्रम. मुलगी हवी आणि डबाही हवा. "ती अंबरनाथची, लाइट गेली तरी गात होती ती." असं नाव झालंय तिचं! प्रज्ञा आतून ऐकत होती. माझ्याआधी हो म्हणाली.

शेजारच्या शांतामावशी: "तुमच्या पोरीचं गाणं राहिलं रे माझं, शनिवारी गुडघा धरला होता. घरीच सिरीयल बघितली, आठची, साडेआठची, दोन्ही."

यांनी इन्व्हर्टर कधी घेतला? आणि माझ्याकडून नाही घेतला. विचारायला हवं.

बुध. २५

मास्तरांचा डबा तयार. रस्त्यात चार लोक थांबवून जयंतीचं विचारतात, मलाही सांगायला कंटाळा येत नाही. आज सांगताना ढोल तीन झाले होते. टिक मात्र तीच, साडेसातची.

प्रज्ञा रोज रियाझ करते. मोठ्याने, खिडकी उघडी टाकून. गल्लीतली पोरं मुकाट्याने जातात.

काल म्हणाली, "पप्पा, आता लाइटची भीतीच गेली. डबा आहे ना." दुकानात आल्यावर पुढच्या डब्याला हात घातला. सोल्डरिंग गन तापत ठेवून.

सोम. ३०

वीज ऑफिसातला लाइनमन कदम मिक्सर घेऊन आला. भांडं फिरत नाही. खालचं रबर गेलेलं, पाच मिनिटांचं काम. तोपर्यंत चहा, आणि अर्थात जयंतीची गोष्ट. पूर्ण सांगितली. तो चहा खाली ठेवून ऐकत राहिला.

"दादा, कुठल्या जयंतीला?"

"याच. चौदाला."

"चौदाला लोडशेडिंग कुठे होतं? रद्द होतं ना. संध्याकाळभर. मीच ड्युटीवर होतो. जयंतीच्या दिवशी लाइन बंद केली तर तुमचीच पोरं ऑफिसवर येतील. म्हणून यंदा दोन दिवस आधी कागद लागला होता."

म्हटलं, पाच मिनिटंसुद्धा नाही?

"पापणी लवली नाही, दादा."

मग शांतामावशी आठवल्या. मग बॅटरी. मग सुमनचं "असेल".

विचारलं, परवा बदलापूर गावात? पौर्णिमेला पण रद्द असेल?

"ते सबस्टेशन वेगळं. मित्र आहे तिथे." फोन लावला. "नाही. बुधवारी सात ते नऊ जाणारच."

मिक्सरचे पैसे घेतले नाहीत. का, माहीत नाही.

तो गेल्यावर डबा घरी आणला, विहाराचा अ‍ॅम्प्लिफायर अजून माझ्याकडेच आहे, तो जोडला. सुमन आणि प्रज्ञा आत, रियाझ चालू. आवाज न करता मेन स्विच पाडला.

ठक्. मग घूं.

आतून प्रज्ञा: "पप्पा, लाइट गेली का?"

"हो," म्हटलं.

"मग ठीक," म्हणाली, आणि गाणं पुढे चालू केलं.

चोक परत गुंडाळायला घेतलाय. तिसरा पंखा कुठे बसेल बघतोय. आज आणि उद्या, दोन दिवस आहेत.

१४ ला साडेसातला लाइट गेली नव्हती. टिक झाली नव्हती.