कपाटात कोरडा राहिलेला डबा

प्रिय दामू,

टुक् टुक् टुक् टुक्... मध्येच एक ठोका गिळल्यासारखा, आणि पुन्हा टुक् टुक्. तुझ्या बाबांच्या होडीचं इंजिन! मी वर्गात कविता म्हणायला उभा राहायचो आणि नेमका खाडीतून तो आवाज यायचा. तू बाकावरून ओरडायचास, "बाबा आले!" बाईंची छडी तुझ्या हातावर आणि माझी कविता अर्ध्यावर. तुमच्या वाडीत आवाजावरून होडी ओळखायचे. त्या ठोक्यांच्या अंदाजाने बायका भात चढवायच्या.

आज सकाळपासून बंदरावर पोरं इंजिनं चालवून बघतायत. मासेमारीची बंदी उठली. परवा तुझा सुहास निघणार, तुझ्याच होडीतून. म्हणून हे पत्र. तू गेल्याला वर्ष होत आलं, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तुझ्यावरचा, आणि त्याहून माझ्यावरचा.

तो बीकनचा डबा आला तो दिवस तुला आठवतो का रे? मला तर झोपेतही आठवतो. जेट्टीवरच्या शेडमध्ये साहेब समजावून सांगत होते. संकट आलं की बटण दाबायचं. खूण आकाशातल्या उपग्रहाला जाते, तिथून तटरक्षकांना, आणि होडी कुठे आहे ते त्यांना नेमकं कळतं. तू मागून विचारलंस, "साहेब, ओरडतो काय हा डबा?"

"नाही. तुम्हाला आवाज ऐकू येणार नाही."

"मग जो ओरडत नाय, तो काय कामाचा?"

सगळी शेड हसली. मीही हसलो, दामू. तेव्हा हसायचं नव्हतं.

त्या डब्यासाठी तुझ्या नावाचा फॉर्म मीच भरला होता. बर्फाच्या कारखान्यातली कारकुनी सुटली तरी बंदरावरच्या निम्म्या लोकांचे कागद अजून माझ्याकडेच येतात. डबा ताब्यात मिळाला तेव्हा तो मी दोन्ही हातांनी तुझ्या हातात दिला आणि म्हणालो, "दामू, हा जिवापाड जप."

जिवापाड! काय नडलं होतं मला? "होडीत बांध" असं दोन शब्दांत सांगता आलं नसतं? पण नाही. शाळेपासूनची खोड. साधं वाक्य तोंडात आलं की त्याला नटवल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. तू नेहमी म्हणायचास, "कवी, तुझ्या समुद्रात लाटा लय, पण मासळी एक नाय." तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता पटतं.

आणि तू? तू आयुष्यात माझं एकही ऐकलं नाहीस. तंबाखू सोड म्हटलं, सोडली नाहीस. डोळे तपासून घे म्हटलं, नाही घेतलेस. नेमकं एवढंच ऐकायचं होतं का रे तुला?

त्या दिवशी इंजिनात पाणी शिरलं, होडी कलंडली. तुझे दोन्ही खलाशी डिझेलच्या रिकाम्या कॅनना धरून तरंगत राहिले. तिसऱ्या दिवशी एका ट्रॉलरने त्यांना उचललं, नंतर होडीही ओढून आणली. त्यांतला थोरला इस्पितळात तुझ्याबद्दल मला म्हणाला, "तांडेल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्यासोबत होता. बोलत होता. आमालाच धीर देत होता."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत! म्हणजे वेळ होता. होडी परतली नाही म्हणून तटरक्षकांचं जहाज शोधायला निघालंही होतं, पण तू नव्हतास तिथे फिरत होतं. समुद्र काय आपल्या शाळेचं पटांगण आहे, एका टोकाला उभं राहून हाक मारायला?

आणि मग होडीचे कागद हवेत म्हणून वहिनींनी लोखंडी कपाट उघडलं. मी शेजारी उभा होतो. वहिनींच्या लग्नातल्या शालूखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून वर सुतळी बांधलेला तो डबा. कोरडा ठणठणीत. एक ओरखडा नाही.

मी विचारलं, "हा इथे कसा?"

वहिनी म्हणाल्या, "ते म्हणायचे, महागाची वस्तू हाय, होडीत खाऱ्या पाण्यानं खराब होईल. कवीनं जपायला सांगितलाय."

दामू, पाण्यात वापरायची वस्तू पाण्याने खराब होईल म्हणून घरात ठेवलीस! तू होडीची फळी नुसती ठोकून तिचं वय सांगायचास, वाऱ्याच्या वासावरून उद्याचं बोलायचास. तुला एवढं कळू नये? की कळत होतं, आणि तो डबा होडीत ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण असं काहीतरी मनात होतं? एकदा तरी माझ्याशी बोलायचंस. आपण कट्ट्यावर इतक्या संध्याकाळी काढल्या. त्यांत बहुतेक वेळ मीच बोलत असायचो, हेही खरं.

आता पुढचं ऐक, म्हणजे माझा जीव का तळमळतोय ते कळेल. तो डबा वहिनींनी तुझ्या फोटोखाली पाटावर ठेवलाय. रोज पुसतात, फूल वाहतात. आणि सुहास परवा त्याच्याशिवाय निघणार! मी तीनदा जाऊन आलो. सुहास म्हणतो, "काका, मोबाईल हाय, वायरलेस हाय. कशाला आईला रडवायचं?"

"किनारा दिसेनासा झाला की मोबाईलची रेंज जाते रे. आणि होडी उलटली की वायरलेस पहिला बुडतो."

"तुमी कवा गेलाव समुद्रात?"

कधीच नाही गेलो. मला होडी लागते, हे तुझ्या पोराला चांगलं ठाऊक आहे. तुझ्यासारखाच तिरका आहे मेला.

तिसऱ्या खेपेला मग माझा तोल सुटला. वहिनींवर ओरडलो. "हा डबा फुलं वाहायला नाही, होडीत बांधायला आहे! एकाला घालवून तुमचं समाधान झालं नाही का?" असं बोललो मी. तुझ्या बायकोला. त्या पाटाजवळून हलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हा डबा ह्या घरातून जायाचा नाय. आणि तुमीपण ह्या विषयासाठी परत माझ्या उंबऱ्यात येऊ नका."

इतक्या वर्षांत मला त्या दारातून कोणी चहाशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी मी नुसता चालत राहिलो.

तर दामू, तुला शब्द देतो. परवा पहाटे मी जेट्टीवर उभा राहणार. सुहासने शिव्या घातल्या तरी, पोरं हसली तरी. होडीत बीकन बांधलेलं माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय दोर सोडू देणार नाही. लागलं तर होडीत जाऊन बसेन, ओकेन, पण उतरणार नाही. आणि यापुढे बंदरावर ज्याचा ज्याचा असा फॉर्म भरीन, त्याला अलंकार न लावता सांगेन: होडीत ठेव, हाताशी ठेव, बटण बघून ठेव.

थांब. कडी वाजतेय. या वेळी कोण?

दामू, दारात वहिनी आहेत! एकट्या. हातात पिशवी, पिशवीत सुहासचं आधार आणि होडीचे कागद. माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटायच्या आत त्याच बोलल्या.

"त्यांच्या नावाचा डबा घेऊन मी पोराला समुद्रात धाडू काय, भावोजी? गेलेल्या माणसाच्या नावाचा? मागताना तुमाला एवढं नाय सुचलं?"

नाही सुचलं. खरंच नाही सुचलं.

"सुहासच्या नावानं नवा फॉर्म भरा. नवा येईस्तोवर होडी किनाऱ्यालाच ऱ्हाईल. सांगितलंय मी त्याला. फुगून बसलाय."

त्या ओटीवर टेकल्यात. चष्मा शोधतो.

तुझा,
कवी (अनंता)