सगळ्या बाटल्या काळ्या

सोमवार, ९ फेब्रुवारी

पाण्याचा धडा सुरू केला एकदाचा! फळ्यावर डोंगर काढला, त्यावरून ओढे, खाली तलाव, मग शुद्धीकरण केंद्र, मग आपले नळ. मोरीतून गटार, गटारातून सांडपाणी केंद्र, तिथून नदी. डोंगर उलट्या टोपलीसारखा झाला. पाणलोट म्हणजे काय ते समजावताना घसा बसला.

आमची ‘वकील’ उठली. दोन वेण्या आणि प्रत्येक वाक्याला हरकत. “बाई, म्हणजे वरच्या गावाने अंघोळ केलेलं पाणी आपण पितो?” वर्ग शीऽऽ करून ओरडला. म्हटलं, मध्ये शुद्धीकरण होतं ना! “पण ते नीट करतात कशावरून?” म्हटलं, माझे सख्खे धाकटे दीर आहेत तिथे. अगदी ऐटीत म्हटलं.

उद्या प्रत्येकाने घरचं पाणी आणायचं. तपासणीच्या बाटल्या आल्यात. पाण्यात मैल्याचे जंतू असले की ते काळं पडतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पाणी भरलं, चिठ्ठ्या चिकटवल्या – ‘नळ’, ‘विहीर’, ‘टँकर’. माझ्या घरचीही एक बाटली ठेवली. पोटं बिघडल्यामुळे आजही काही मुलं गैरहजर. दर महिन्याला हे असंच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सगळ्या काळ्या! नळाच्या काळ्या, टँकरच्या काळ्या, विहिरीच्यासुद्धा काळ्या. फक्त माझी स्वच्छ.

हेडसरांनी फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. मी म्हणत होते, जरा थांबू या. पण नक्की म्हणाले का मी? की मनातच म्हटलं?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पालकांचा मोर्चा थेट केंद्रावर. भाऊजी घरी आले ते न जेवता बसून राहिले. “वहिनी, आधी मला विचारायचं तरी! आणि विहिरीच्या पाण्याचा माझ्या केंद्राशी काय संबंध?”

म्हटलं, जमिनीखालून कुठून कुठे झिरपत असेल, पाणलोट एकच ना... बोलताना माझं मलाच पटेना.

रविवार, १५ फेब्रुवारी

भाऊजींना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. धाकटी जाऊ मला पाण्यात पाहतेय. सासूबाई दोघींशी वेगवेगळं गोड बोलतात.

बाजारात एक पालक भेटल्या. “बाईंच्या घरचं बरं स्वच्छ निघालं!” मी भाजी घेऊन निघाले. पण ते डोक्यातून जात नाही. आमचंच कसं स्वच्छ? भाऊजी आमच्या टाकीत गुपचूप औषध टाकतात का? म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं? छे! भाऊजी तसे नाहीत. पण मग काय?

सोमवार, १६ फेब्रुवारी

विचारलंच शेवटी. भाऊजी म्हणाले, “गावाला जे सोडतो तेच मी पितो, वहिनी. तुम्हाला मी असा वाटलो?”

मोरीत जाऊन रडले. कशासाठी ते धड सांगता येणार नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

चौकशीचे साहेब शाळेत आले होते. केंद्रातलं पाणी त्यांनी तपासलं, ते स्वच्छ निघालं. तर म्हणे, “बोंब झाल्यावर औषध वाढवलं असणार.” म्हणजे काळं निघालं असतं तरी भाऊजी दोषी, स्वच्छ निघालं तरी दोषीच!

मग मला म्हणाले, “एकट्या तुमच्या घरचंच पाणी चांगलं कसं?” मी गडबडले. म्हटलं, कदाचित टाकीत औषध टाकत असतील. कदाचित म्हटलं मी! त्यांनी तेवढंच लिहून घेतलं, कदाचित सोडून. आणि मी सही केली. का केली?

शनिवार, २१ फेब्रुवारी

सहीचं घरी कळलं. जाऊ म्हणाली, “घरातल्याच माणसाने गळा कापला.” भाऊजी चपला घालून बाहेर निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बुधवारी निर्णय आहे. नोकरी जाणार असं सगळे धरून चाललेत.

सोमवार, २३ फेब्रुवारी

हे म्हणाले, “पुन्हा तपास ना. डोक्याचा भुगा करून घेण्यापेक्षा बरं.” खरंच, हे मला का सुचू नये? पण पुन्हा काळंच निघालं तर? आणि स्वच्छ निघालं तर? दोन्हीची भीती वाटतेय. मला नेमकं काय हवंय तेच कळत नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

वर्गात सांगितलं, उद्या पुन्हा घरचं पाणी आणा. वकील उठली. “बाई, खरंच घरून? की मागच्यासारखं इथल्या नळाचं भरलं तर चालेल?”

मागच्यासारखं म्हणजे?

“दप्तरात सांडतं ना, बाई. पुस्तकं भिजतात. म्हणून सगळ्यांनी शाळेच्याच नळाचं भरलं होतं.”

सगळ्यांनी? वर्गभर माना हलल्या.

भाऊजींना फोन लावायला उठले, तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. सगळी मुलं नेहमीसारखी पाणी प्यायला नळाकडे पळाली – आणि मी किंचाळत त्यांच्यामागे.