हळदीनं विचारलं, कुंकवानं हो म्हटलं

मुक्काम शेतातलं घर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे,
चैत्रातली एक तापलेली दुपार

श्रीमान मेहुणेसाहेब वैजनाथराव यांना दाजी अमृतराव यांचा, हिंगोली जिल्ह्यातल्या तमाम उन्हासकट, रामराम.

इकडे सगळं ठीक आहे. तुमची बहीण ठीक आहे (म्हणजे माझ्याशी बोलते आहे, त्यावरून तसं धरायचं). नवरी मुलगी वैष्णवी ठीक आहे. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली, म्हैस व्याली, आणि कूलरची मोटर मागच्या आठवड्यात बदलली. तुम्हा उभयतांची तब्येत बरी असेल असं मी समजतो. समजतो म्हणण्याचं कारण, साखरपुड्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. हे पत्र पाहून तुम्ही म्हणाल, हा माणूस कागद काहून खराब करून राहिला. एक कारण वर सांगितलंच. दुसरं असं की, तारेवरून किंवा बिनतारेनं जाणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर माझा आता भरवसा राहिलेला नाही. कागद बरा. ज्याच्या नावानं टाकला तोच वाचतो (मधे पोस्टमननं वाचलाच, तर त्यालाही लग्नाचं आमंत्रण आहे).

तुम्ही पुण्याहून धाडलेलं यंत्र पोचलं. साखरपुड्यात फेटे कमी पडले, नवरदेवाच्या मामाला फेटा आणि नवरीच्या मामाला टॉवेल-टोपी असा प्रकार झाला, आणि तुम्ही जिलेबीला हात न लावता गाडीत जाऊन बसलात, हे सगळ्या गावानं पाहिलं. त्यानंतर तुमचा निरोप आला, की सुट्टी मिळत नाही, लग्नाला येणं जमणार नाही, मामा यंत्रातूनच आशीर्वाद देईल. तुम्ही पडलात लग्नं आणि कीर्तनं जगाला थेट दाखवणाऱ्या कंपनीत. रुसलात तरी रिकाम्या हातानं रुसला नाहीत, याचं मला कौतुक वाटलं. म्हणून आज या यंत्राच्या चाचणीचा सविस्तर अहवाल देतो, म्हणजे तुम्ही निर्धास्तपणे घरीच बसाल.

यंत्र दिसायला जेवणाच्या डब्याएवढं. एका अंगाला कॅमेऱ्याची वायर खुपसायची, पोटात सिमकार्ड घालायचं, आणि वरच्या काचेच्या पडद्यावर बोटानं सांगायचं, की चित्र कुठं न्यायचं. याला एन्कोडर म्हणतात आणि कॅमेऱ्यातलं चित्र इंटरनेटवरून जाईल असं बारीक करून देणं हे त्याचं काम, असं वैष्णवीनं मला समजावलं (मी तिला म्हटलं, म्हणजे पिठाची गिरणी, ती म्हणाली, बाबा, तसंच समजा). तिनं लग्नाचं एक पान तयार केलं, त्या पानाची किल्ली म्हणून जी लांबलचक अक्षरांची माळ असते ती यंत्रात भरली, कॅमेरा तिकाटण्यावर उभा केला आणि मला बजावलं, की पडद्याच्या मधोमध लाल गोल आहे, त्याला लग्नाच्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. एवढं सांगून ती ब्लाउज आणायला हिंगोलीला गेली. तिची पाठ वळताच मी त्या पानाचा पत्ता दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या ‘शुभविवाह’ ग्रुपवर टाकून दिला. उगाच ऐनवेळी घाई नको.

लाल गोलाला हात लावू नका म्हटल्यावर तो लागतो का, हे बघणं आलंच. पण वैजनाथराव, तुमच्या यंत्राला माझा अंगठा ओळखू येत नाही. हळद शिजवून-शिजवून बोटांची साल अशी झाली आहे, की रेशनच्या दुकानातलं मशीनही मला परकं समजतं. मी दाबलं, घासलं, धोतराला पुसून पुन्हा दाबलं. काच ढिम्म. मग मी ठरवलं, की वस्तू सुरक्षित आहे आणि ती आपल्या घरी आपोआप चालू होणं शक्य नाही.

इथे तुमची बहीण आली, ताट घेऊन. आपल्याकडं ट्रॅक्टरपासून मिक्सरपर्यंत कुठलीही वस्तू हळदकुंकू लागल्याशिवाय कामाला लागलेली नाही. नर्मदाबाईंनी यंत्र पाटावर ठेवलं, उदबत्ती लावली, आणि त्याचं कपाळ कुठं असेल याचा विचार करत थांबल्या. तेवढ्यात तो लाल गोल दिसला. त्यांना वाटलं, कंपनीनं कुंकवाची जागाच करून दिली आहे. आपली रीत तुम्हाला माहीत आहे, आधी हळद, मग कुंकू. हळदीचं ओलं बोट लागलं तसं यंत्रानं विचारलं, की थेट प्रक्षेपण सुरू करायचं का. त्याचं ‘हो’ नेमकं त्याच जागी आलेलं. पाठोपाठ कुंकवाचं बोट लागलं. हळदीनं विचारलं आणि कुंकवानं हो म्हटलं. आम्ही दोघांनी डोळे मिटून हात जोडले, आणि त्या क्षणापासून आमचा संसार सगळ्या पाहुण्यांना दिसू लागला.

आम्हाला याचा पत्ता नाही. पडद्यावर आपलंच चित्र दिसतं आहे आणि तेही आरशापेक्षा मोठं, हे पाहून मला सुचलं, की मिशीचा कलप आजच करून बघावा, लग्नाच्या दिवशी प्रयोग नको. म्हणून मी बनियनवर कॅमेऱ्यासमोर बसलो. शेजारी तुमच्या बहिणीनं रुखवताचं सामान मांडायला घेतलं, आणि हात चालू असले की तिचं तोंडही चालू असतं, हे तुम्ही लहानपणापासून जाणता. विहीणबाईंना चहा विचारला की नको म्हणतात, पुन्हा विचारला तरी नको म्हणतात, आणि मग विचारला नाही तर मनात धरतात, असा विषय निघाला. मी त्यावर विहीणबाईंची मान हलवायची पद्धत करून दाखवली (अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी). मधेच पडद्याच्या कोपऱ्याकडं माझं लक्ष गेलं. तिथे एक डोळ्याचं चित्र आणि शेजारी आकडा. मी समजलो, यंत्राचं तापमान. उन्हाळ्याचे दिवस, चाळीस-बेचाळीसला कोण घाबरतो. पण आकडा पन्नाशीच्या पुढं सरकला तसं मला वाटलं, तुमची महागाची वस्तू वितळते की काय. मी कूलर यंत्राकडं वळवला आणि स्वतः घामानं निथळत बसलो. तरी आकडा वाढतच राहिला.

अशात व्याही किसनरावांचा फोन आला. हा माणूस गंभीर, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यांनी तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं (चैत्रात) आणि मग म्हणाले, “अमृतराव, डाव्या अंगाची मिशी जराशी राहून गेली बघा.”

मी मिशी चाचपली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की तो आकडा तापमानाचा नसून बघणाऱ्यांचा आहे. ते म्हणाले, घरातले सगळे बसून बघून राहिलेत, आम्हाला वाटलं हल्ली लग्नाआधी असाही एक कार्यक्रम करतात. विहीणबाईंचा निरोपही त्यांनी पोचवला, की चहा एकदाच विचारा, त्या हो म्हणतील. तुम्हाला सांगतो, सोयरीक जोडल्यापासून त्या घराशी एवढं मोकळं बोलणं झालं नव्हतं.

आता यंत्र बंद करायचं. माझा अंगठा कामाचा नाही, हे झालंच. लाल गोल कुंकवाखाली. मी पुसायला फडकं उचललं तर तुमची बहीण आडवी आली. लगीनघरात लावलेलं कुंकू कुणी पुसत असतं का, असा तिचा सवाल. तूच बोट लाव म्हटलं तर पूजेच्या वस्तूला पुन्हा डिवचणार नाही म्हणाली. सिमकार्ड काढावं तर झाकण कुठं ते कळेना, वायर उपटावी तर तुमची वस्तू, आणि तुम्ही आधीच फुगलेले. वैष्णवीचा फोन लागेना. शेवटी मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला (तोच तुमचा, साखरपुड्यातला, तुम्ही इथेच टाकून गेला होता). अंधार झाला. नर्मदाबाई म्हणाल्या, झालं बंद, आणि गहू निवडायला बसल्या.

दिसायचं थांबल्यावर पाहुणे पांगले. मी जरा वेळानं आपलं असंच म्हटलं, की वैजनाथरावांचं यंत्र मात्र झकास आहे, लग्नात त्यांची उणीव जाणवायची नाही. तेव्हा ती बोलली. इतके दिवस तिनं तुमचं नाव काढलं नव्हतं, मी काढलं तर उठून जायची. पाटावरच्या त्या यंत्राकडं बघून ती म्हणाली, “मशीन धाडलं म्हंजी मामा आला व्हय? लेकरू पाटावर हुभं राहील, पुढं आंतरपाट असंल, कोणाचं तोंड दिसणार न्हाई. तवा माघं भरवशाचं माणूस पाह्यजे. माझ्या येळंला आमचे मामा होते. माझे पाय कापत व्हते अन् त्यांनी नुस्ता खांद्यावर हात ठेवला. ह्या डब्याला हात हाये का?”

मग तिला खोकला आला आणि ती पदरानं डोळे पुसत राहिली. खोकल्याचं निमित्त होतं, हे मला कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला दुसऱ्यांदाच असं रडताना पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. मी पाणी आणून दिलं, दुसरं काय करणार.

संध्याकाळी वैष्णवी आली. टॉवेल बघितला, पडदा बघितला, आणि कपाळाला हात लावला. आवाज सगळा वेळ जातच होता, असं तिनं सांगितलं. कोपऱ्यातल्या डोळ्याशेजारी तेव्हा ‘एक’ एवढाच आकडा होता. बाकी सगळे कधीच गेले होते. काळा पडदा आणि गहू निवडल्याचा आवाज, यावर एक माणूस दुपारपासून बसून होता. तो कोण, हे यंत्र सांगत नाही आणि मीही विचारणार नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरून सौ. सपनाचा फोन आला, की वन्संचा खोकला कसा आहे. आता खोकला टॉवेलानंतरचा, आणि तो मी, म्हैस आणि त्या एकाखेरीज कुणी ऐकलेला नाही. असो.

तर एकूण अहवाल असा, की यंत्र उत्तम, चित्र स्वच्छ, आवाज तर टॉवेलातूनही आरपार. तुम्ही यायची काहीएक गरज नाही. घरी पंख्याखाली बसून अक्षता टाका, आम्ही इकडे वेचून घेऊ. सपनाला आशीर्वाद.

तुमचा,
दाजी अमृतराव

ता. क. सुट्टीचा अर्ज कसा लिहायचा ते सुचत नसेल तर ‘भाचीचं लग्न’ एवढंच लिहा. साहेब फारच नडला तर त्याला माझा नंबर द्या.

आणखी ता. क. टॉवेलातून आवाज जातो, हे किसनरावांनी टॉवेल टाकल्यावर लगेच पुन्हा फोन करून मला सांगितलं होतं. आकडा एकावर आलेला मी पाहिला आणि मगच तुमच्या यंत्राची तारीफ केली. हे तुमच्या बहिणीला कळू देऊ नका, मला याच घरात राहायचं आहे.

शेवटचं ता. क. येताना यंत्र घेऊन या. पाकीट चिकटवायला बसलो तर कळलं, की तुमच्या बहिणीनं ते आज सकाळीच खोक्यात भरून एसटीच्या पार्सलानं तुमच्या पत्त्यावर धाडून दिलं. तिकडे किसनरावांनी त्यांच्या सगळ्या लांबच्या पाहुण्यांना सांगून ठेवलं आहे, की लग्न घरबसल्या दिसणार, आणि ते चालवणारं माणूस नवरीखेरीज आमच्या गावात नाही. मी तिला विचारलं, अगं, मग वैजनाथ आता लग्न बघणार कसं? ती म्हणाली, “लेकराच्या माघं हुभं राहून,” आणि चूल पेटवायला गेली.